वडिलांची सही

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, मी देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगून बघते. तो बँकेत होता, दिवसभर लोकांच्या सह्या पडताळायचा, आणि तरी म्हणायचा की आपल्या दोघांत बँकेत खरी शोभली असतीस ती तू. मी सुरतेत म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकवत होते. शाळा उधन्याच्या बाजूला, मुलं बहुतेक लूमवर काम करणाऱ्यांची, काही रेल्वे लाइन ओलांडून थेट डिंडोलीहून चालत येणारी. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही मुलानेच ठोकली असेल तर मला लांबून कळायचं. अक्षर बघून मी मुलगा सांगायचे, आणि क्वचित चुकायचे. याचा मला गर्व होता, तो लपवण्यात आता अर्थ नाही.

शाळेत एक रीत होती. दाखला असो, सहलीची परवानगी असो, शिष्यवृत्तीचा कागद असो, सही वडिलांची हवी. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचा अंगठा. आई रोज फाटकापर्यंत यायची, नाक पुसायची, पाण्याची बाटली विसरली म्हणून दोनदा पळत यायची. पण कागदावर ती कुठे नसायची. आणि सहीची शंका आली की चिठ्ठी जायची ती वडिलांना. ही रीत मी घातली नव्हती. पण माझ्याइतकी काटेकोरपणे ती पाळणारं शाळेत दुसरं कुणी नव्हतं.

आता मूळ गोष्ट. त्या काळी दर हिवाळ्यात आम्हा शिक्षकांना ‘केसेस’ आणाव्या लागत. केस म्हणजे कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला तयार झालेली बाई. बाईच, कारण पुरुष कुणी तयार होत नसे आणि त्यांना कुणी फार विचारतही नसे. शाळेला आकडा ठरवून मिळायचा, मार्चअखेर तो भरायचा. नाही भरला तर मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, वरून बोलणी बसत आणि मग त्या आमच्यावर घसरत. पाढे शिकवायचे सोडून आम्ही फाटकाशी उभं राहून आयांच्या पोटांकडे बघायचो. मला त्याची किळस यायची.

सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या हिवाळ्यातल्या मीटिंगमध्ये मी हे बोलून दाखवलं. म्हटलं, मी मुलं शिकवायला आले आहे, बायका गोळा करायला नाही. ज्या बाईला ऑपरेशन हवं ती करील, पण तिच्या पोराची शिक्षिका तिला गळ घालते तेव्हा ती नाही कशी म्हणेल? पोरगं आमच्या हातात असतं, ही काय खुशीची संमती झाली? मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या की तुमचे विचार थोर आहेत, ते लेखी द्या, मी वर पाठवते, आणि त्याबरोबर तुमची वेतनवाढही पाठवते. सगळे हसले. मी लेखी काही दिलं नाही. आणि हेही लिहायलाच हवं की आदल्या वर्षी माझ्या नावावर ज्या दोन केसेस होत्या, त्या दुसऱ्या एका शिक्षिकेने मला दिलेल्या होत्या. मी त्या मुकाट घेतल्या होत्या.

ही शिक्षिका मूळची विदर्भाकडची, पण जन्म सुरतेतला. गुजराती फाडफाड बोलायची, वर्गात मराठी शिकवतानाही मध्येच ‘चालशे’ म्हणायची. आमचे सगळ्यांचे आकडे रखडायचे आणि तिचा जानेवारीतच पुरा व्हायचा. फाटकापाशी ती एकेका बाईला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायची आणि मी जवळ गेले की दोघी गप्प व्हायच्या. कॅम्पच्या दिवशी सकाळी ती स्वतः रिक्षात बसवून त्यांना न्यायची, संध्याकाळी घरी सोडायची, दुसऱ्या दिवशी वरणभात घेऊन जायची. मला वाटायचं, इतकं कोण कशाला करील? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला फार लागत नाही, आणि हिच्याबाबतीत ती दिवसभर चुकचुकत असायची.

त्यातच एक आई मला विचारून गेली. तिला आमच्या या शिक्षिकेने ऑपरेशनबद्दल सांगितलं होतं. मला म्हणाली, बाई, तांबी जशी काढून घेता येते तसं हेही नंतर उलटं करता येतं ना? मी म्हटलं, कोण म्हणालं? ती घाबरली आणि कुणी नाही, कुणी नाही करत निघून गेली. झालं. माझ्या डोक्यात सगळं जुळलं. ही बाई आयांना खोटं सांगते, नंतर सोडवता येईल म्हणते, म्हणून तिचा आकडा भरतो. मी कुणापाशी बोलले नाही. मी पुराव्याची वाट बघत बसले, आणि पुरावा मिळावा असं मला मनापासून वाटत होतं.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती, मूळ परभणीकडची, राहायला डिंडोलीत. अक्षर सुरेख. तिची आई रोज तिला सोडायला यायची, कडेवर एक, बोटाला एक. तिन्ही मुलीच. घरी ती साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायची, त्यामुळे तिच्या मनगटावर, कधी गालावर एखादी टिकली चमकत असायची. बोलायची नाही फारशी. मी काही विचारलं तर पदर सावरून ‘व्हय बाई’ म्हणायची. तिसऱ्या बाळंतपणात फार रक्त गेलं होतं तिचं, एवढं मला मुलीकडून कळलं होतं. नवरा लूमच्या कारखान्यात, सासू घरात. नवऱ्याबद्दल वाईट कुणी बोलत नसे. दारू पीत नाही, एवढ्यावर त्या वस्तीत माणूस देवमाणूस ठरायचा.

केसचे फॉर्म आधी शाळेत यायचे. माझं अक्षर चांगलं म्हणून मोठ्या बाईंनी ते रजिस्टरमध्ये उतरवायचं काम माझ्या गळ्यात मारलं होतं, मीटिंगमधल्या माझ्या भाषणाची ती शिक्षाही असेल. फेब्रुवारीत एका दुपारी मी फॉर्म उतरवत होते आणि या आईचा फॉर्म हाती आला. केस अर्थातच त्या शिक्षिकेची. मुलं किती या रकान्यात गुजरातीत लिहिलं होतं, दोन मुली, एक मुलगा. मी पुन्हा वाचलं. मुलगा कुठून आला? मग खाली पतीची संमती. तिथे सही होती, पूर्ण नाव, मराठीत. पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ आणि तिच्याखाली एकेक अक्षर, जरा थरथरलेलं, पण स्वच्छ.

मी उठून कपाटातून मुलीच्या प्रवेशाचा कागद काढला. शिष्यवृत्तीचाही काढला. दोन्हीवर बापाचा अंगठा, निळ्या शाईत. या माणसाला सही येतच नव्हती. खरं सांगायचं तर मला आतून आनंद झाला. इतके दिवस मी जे म्हणत होते ते माझ्या हातात कागदावर होतं.

मधल्या सुट्टीत मी त्या शिक्षिकेला गाठलं आणि फॉर्म पुढे धरला. विचारलं, हा मुलगा कुठला आणि ही सही कुणाची? तिने फॉर्मकडे पाहिलंच नाही. म्हणाली की मुलगा नाही असं लिहिलं तर डॉक्टर परत पाठवतात, नंतर घरचे लोक भांडायला येतात म्हणून. सहीचं मात्र ती बोलेना. मी सोडलं नाही. शेवटी ती म्हणाली,

“तुम्हाला शंका आहे ना, मग तिलाच विचारा. रोज येते ती फाटकाशी. पण दुसऱ्या कोणाला नका विचारू, बाई. मी शब्द दिलाय.”

हे तिने स्पष्ट सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. आणि माझ्या डोक्यात आलं ते असं, की तिला विचारून उपयोग काय, तिला तर पढवून ठेवलं असणार. फसवलेली बाई फसवणाऱ्याचीच भाषा बोलते. शब्द दिलाय म्हणे, कुणाला? मला तो सारा बनाव वाटला. त्या आईला विचारावं, निदान एकदा तिच्या तोंडाकडे बघावं, हे माझ्या मनात आलं आणि मीच ते बाजूला सारलं. सहीची शंका होती. सहीच्या शंकेला शाळेत एकच उपाय होता. मी मुलीच्या वहीत चिठ्ठी घातली, ‘वडिलांना उद्या शाळेत पाठवणे.’ मुलगी खूश झाली, तिला वाटलं बक्षिसाचं काही असेल.

तो दुसऱ्या दिवशी पाळी संपवून तसाच आला. केसांत धाग्यांचा पांढरा भुसा, डोळे तारवटलेले, चपला बाहेर काढून दाराशी उभा. मी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. मी फॉर्म पुढे केला आणि विचारलं, ही सही तुमची आहे का? त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण सहीवर त्याने बोट ठेवलं आणि हे काय आहे असं विचारलं. मी म्हटलं, तुमचं नाव.

“काय लिवलंय ह्याच्यात, बाई?”

मी सगळं वाचून दाखवलं. गुजराती ओळींचं मराठी करून, शाळेत धडा समजावतात तसं. ऑपरेशन, तारीख, कॅम्पची जागा, एक मुलगा, पतीची संमती. वर म्हटलं की तुमच्या बायकोला कुणीतरी भुलवून नेतंय, तुम्ही लक्ष घाला. शेवटी त्याने हात जोडले, खाली वाकला आणि म्हणाला की बरं झालं सांगितलंत, तुमचे लई उपकार झाले. मला भरून आलं. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, म्हणून मला हायसं वाटलं. एरवी प्रत्येकाच्या चेहऱ्यामागे काय चाललंय ते शोधणारी मी, त्या चेहऱ्यामागे बघायला गेले नाही.

त्यानंतर मी थांबले नाही. यावेळी खरंच लेखी दिलं, तीन पानं. खोटी सही, खोटी माहिती, अडाणी बायकांची फसवणूक. वरून साहेब आले, चौकशी झाली. त्या शिक्षिकेने सही कुणाची हे शेवटपर्यंत सांगितलं नाही, फक्त फॉर्म आपण भरला एवढं कबूल केलं. तिची वेतनवाढ थांबली आणि तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत पाठवलं. जाताना ती सगळ्यांना भेटली, मला नाही. स्टाफरूममध्ये माझ्याशी लोक जपून बोलू लागले. मी समोर आले की विषय बदलायचे. मी मनाशी म्हणायचे, खरं बोलणाऱ्याला असंच वागवतात. नवऱ्यालाही मोठ्या ताठ्याने सगळं सांगितलं. तो म्हणाला, बँकेत सही जुळत नसेल तर आम्ही आधी खातेदाराला बोलावतो. मी म्हटलं, मग मी काय केलं? त्यावर त्याने पेपर उघडला.

मुलगी शाळेत येत होती, आई मात्र फाटकाशी दिसेना. आजी सोडायला यायची. मुलीला विचारलं तर म्हणाली, आई चलथाणला काकूकडे आहे, काकू ऊसतोडीला आली आहे कारखान्यावर. इतकी वर्षं डिंडोली न सोडलेली बाई नेमकी कॅम्पच्या दिवसांत चलथाणला कशी? हा प्रश्न मला पडला, पण नेहमीसारखा मी त्याच्या मागे लागले नाही. मागे लागले असते तर उत्तर आवडणार नाही, हे मला तेव्हाच कुठेतरी कळलं असावं.

ती आली ती एप्रिलच्या सुरुवातीला, परीक्षा चालू असताना. व्हरांड्यात मी पेपरांचा गठ्ठा बांधत होते. ती समोर येऊन उभी राहिली. वाळली होती. डाव्या हाताची दोन बोटं चिंधीने बांधलेली, ती सरळ होत नव्हती. मी विचारलं, काय झालं हाताला? तिने तिकडे लक्षच दिलं नाही.

“ती सही म्या केली व्हती, बाई.”

मला आधी कळलंच नाही. मग ती सांगत गेली, खाली बघत, एकेक वाक्य. मुलगी घरी अभ्यासाला बसली की तीही टिकल्या लावता लावता बघायची. आधी रेघ ओढायची, मग रेघेला अक्षरं टांगायची, हे मुलीने तिला शिकवलं. पाटीवर महिनाभर गिरवून गिरवून तिने नवऱ्याचं नाव लिहायला शिकून घेतलं होतं. तोंडाने ती त्याचं नाव कधी घेत नसे, आजही घेतलं नाही. त्या शिक्षिकेकडे तीच गेली होती, आपण होऊन. पुन्हा दिवस गेले तर वाचणार नाही अशी भीती वाटते म्हणाली होती. घरी मुलगा होईपर्यंत सोडणार नाहीत, म्हणून गुपचूप करायचं ठरलं. दुर्बिणीचं ऑपरेशन, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, सासूला सांगायचं की साड्या पोचवायला गेले होते. गुपित कुणाला सांगायचं नाही असा शब्द तिनेच घेतला होता.

आधी रेघ, मग अक्षरं. ही माझी पद्धत. इतर शिक्षक आधी अक्षरं लिहायला लावत आणि मग वर रेघ मारत, मी उलटं शिकवायचे आणि त्यावरून मोठ्या बाईंशी भांडलेही होते. अख्ख्या शाळेत तसं लिहिणारी मुलं फक्त माझी. ती सही मी तीनदा बारकाईने बघितली होती आणि त्यात मला फक्त लबाडी दिसली.

मी काहीतरी बोलायला गेले. माझा हेतू, मला वाटलं, असं काहीतरी. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

“तुमी मला का न्हाई इचारलं, बाई? म्या रोज येत व्हते.”

एवढंच बोलून ती गेली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मी गठ्ठा बांधून ऑफिसात ठेवला, घरी गेले, आणि चार दिवस नवऱ्याशी धड बोलले नाही. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त राग येत होता, तिच्यावर, त्या शिक्षिकेवर, सगळ्यांवर. मला कुणी सांगितलं का नाही? पण सांगितलं होतं. तिलाच विचारा, असं मला तोंडावर सांगितलं होतं.

केसेस गोळा करायची ती पद्धत वाईट होती हे मी आजही म्हणते. पुढे दोन-तीन वर्षांनी ते आकडे ठरवून देणं बंद झालं, तेव्हा मला समाधान वाटलं. आणि ज्या आईने मला तांबीसारखं उलटं करता येतं का असं विचारलं होतं, तिला कुणी खोटं सांगितलं होतं की ती आपल्या मनानेच तसं धरून बसली होती, ते मला अजून कळलेलं नाही. माझी शंका अगदीच हवेतली नव्हती. पण शंका मी सगळ्यांवर घेतली, फॉर्मवर, सहीवर, त्या शिक्षिकेच्या वरणभातावर. अंगठा लावणाऱ्या त्या माणसावर मात्र घेतली नाही. का, तर तो वडील होता आणि चिठ्ठी दिल्यावर वेळेवर आला होता.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा परभणीच्या त्या आईला दिवस गेले होते. मुलीनेच वर्गात सांगितलं, आमच्या घरी भाऊ येणार आहे. तिच्या आजीने शिकवलं असणार. तिची आई मला रस्त्यात एकदा लांबून दिसली, मी दुकानात शिरले. मग गणपतीनंतर प्लेगची बातमी आली आणि चार दिवसांत निम्मी वस्ती रिकामी झाली. तेही सगळे गावाकडे गेले. शाळेला सुट्टी होती. मी तोंडाला रुमाल बांधून घरात बसले होते आणि मला भीती वाटत होती ती तिची. गाडीत जागा मिळाली असेल का, गावात दवाखाना असेल का, रक्त गेलं तर कोण बघेल? यातलं कुणाला विचारायची माझी सोय राहिली नव्हती.

ते परत आले की नाही हे पुढे कितीतरी महिने कळलं नाही. मुलगी शाळेत आली नाही, तिचं नाव मी पटावर तसंच ठेवलं. मग पुढच्या जूनमध्ये, प्रवेश चालू असताना, तिची आई माझ्या टेबलासमोर उभी. जिवंत होती. मला इतकं हायसं वाटलं की मी उठूनच उभी राहिले. तिचा रंग पांढराफटक, दातांच्या हिरड्यांपर्यंत. बोटाला दुसरी मुलगी, सहा वर्षांची, तेल लावून वेणी घातलेली. आणि दाराबाहेर माझी ती विद्यार्थिनी, कडेवर बाळ घेऊन. बाळाला काजळ लावलं होतं आणि कानात दोरे होते. चौथीही मुलगीच.

मी थोरलीला हाक मारली, म्हटलं ये, तुझं नाव आहे अजून पटावर. तिने आईकडे बघितलं. आई म्हणाली की ती नाही येणार आता, बाळाला कोण बघणार, मला दम धरवत नाही. हिला तेवढं घ्या. मी प्रवेशाचा फॉर्म दिला. तिने तो टेबलावर सरळ केला, माझ्यासमोरचं पेन घेतलं, आणि वडिलांची सही असं छापलं होतं तिथे एक रेघ ओढली. डाव्या हाताची ती दोन बोटं कागद नीट दाबू शकत नव्हती, म्हणून कागद सरकत होता. मी माझ्या हाताने धरला. तिने एकेक अक्षर टांगत पूर्ण नाव लिहिलं. मग पेन ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं,

“त्यायला बोलवायचं का, बाई?”

घरी ठाऊक आहे का, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी नको म्हटलं. सही वाळू दिली आणि तिच्या देखत शिक्का मारला.